मनिताच्या शब्दातून एक वजा

चैत २

"तीव्र" म्हणे! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

सकाळी साडेआठ. पुढच्या विमानात म्हातारे कॅप्टन गुरुङ बाजे, शेजारी कोपायलट मनिता लिम्बू. बाजे चालवत होते, रेडिओ हिच्याकडे. मी दहा मिनिटं मागे, सोळा प्रवासी घेऊन पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलो. आणि कंपनीच्या चॅनेलवर ही बाई — "लेतेच्या घळीत तीव्र हादरे. मागच्यांनी थांबावं." थांबावं! जणू हिच्या बापाची बस आहे.

मी बटण दाबून म्हटलं, "बहिनी, उशी पाठवू का?" सगळं चॅनेल हसलं. जोमसोमच्या ग्राउंडवरचा पोऱ्याही हसला. 

मी गेलो तसाच. आपटलं थोडं. एकदा डोकं छताला लागलं, माझा थर्मास कोपायलट सुवासच्या मांडीवर आला, मागे एक म्हातारी ओरडत होती. म्हणजे मध्यमच.

हिला किती वेळा सांगायचं? हलकं म्हणजे चहा हिंदकळतो. मध्यम म्हणजे सांडतो. तीव्र म्हणजे कप हातात राहत नाही. चौथाही एक शब्द आहे, पण तो सांगायला कुणी खाली येत नाही. आणि एकदा तीव्र म्हटलं की विमान जमिनीवर! इंजिनियर पंख उघडून बसणार, दोन दिवस गेले. ऐन मोसमात, जोमसोमला दहानंतर वारा सुटायच्या आत चार फेऱ्या मारायच्या असतात तेव्हा! म्हणून टॉवरशी कुणी काही बोलत नाही. तिथलं सगळं टेपवर जातं. आपसातलं जात नाही, म्हणून आपसात बोलायचं. आणि आपसातही जपून.

चैत ३

क्रू रूममधल्या फळ्यावर मीच लिहिलं, मोठ्या अक्षरात:

गुरुङ बाजे — जसंच्या तसं.
बस्नेत — एक मिळवा.
मनिता — एक वजा.

सगळे पोट धरून हसले. खोटं काय आहे त्यात? प्रत्येकाच्या तोंडाचा भाव वेगळा असतो. बाजे मध्यम म्हणाले की मध्यम. मी मध्यम म्हटलं की मागचे पट्टे आवळून घेतात, कारण बस्नेतने मध्यम म्हटलं म्हणजे काहीतरी आहे! आणि ही तीव्र म्हणाली तर समजायचं, मध्यम. मध्यम म्हणाली तर कुणीतरी शिंकलं.

ती आत आली. फळा वाचला. चहा घेतला. साखर घालायला विसरली आणि तसाच प्यायली.

चैत ६

वारा नाही. आज सगळे शूर.

चैत ८

बाजेंचं विमान दोन दिवस हँगरात होतं. बाईंनी लॉगबुकातही लिहिलं होतं ना, "तीव्र"! व्यवस्थापक माझ्यावर उखडला — "तुमच्या पोरींना आवरा, बस्नेतजी." माझ्या पोरी! लग्नही टिकलं नाही माझं आणि म्हणे पोरी.

आज इंजिनियर डोकं खाजवत आला. शेपटीकडच्या पत्र्याचे चार रिबिट सैल निघाले. "लिहिलं ते बरं झालं," म्हणाला. मी म्हटलं, जुनेच असतील. तो म्हणाला, असतीलही. बायकोमाणसासमोर नको बोलूस हे, म्हटलं, डोक्यावर बसेल.

तिला त्याने सांगितलंच असणार. दुपारी जिन्यात माझ्याकडे बघून हसली की काय असं वाटलं.

चैत ११

आज मजा आली. मग गेली.

पाऊस, उड्डाणं बंद, सगळे क्रू रूममध्ये मोमो खात बसलेले. वरचा पंखा खडखडत होता. मी मनिताला उभं केलं. "बहिनी, रिपोर्ट दे. हा पंखा किती?" पोरं टेबलं बडवायला लागली. ती उभीच. मी म्हटलं, "घाबरू नको, पट्टा बांध आणि सांग."

ती पंख्याकडे बघून, थोरल्या भावाला सांगावं तशी म्हणाली, "पंखा हलका आहे, दाजू. तुम्ही तीव्र."

असे हसले हरामखोर! सुवास, माझा कोपायलट, ज्याची प्रत्येक सही माझ्या हातात — तोही तोंडात मोमो धरून हसला. बाजे तर डोळे पुसत होते.

मीही हसलो. काय करणार. मग ऑफिसात जाऊन तिची कॅप्टनकीची परीक्षा पुढे ढकलली. आठ वर्षं कोपायलटच्या उजव्या खुर्चीत बसलीय, अजून थोडी बसेल. कंपनीचा परीक्षक मीच, सही माझीच.

मलाही असंच उभं केलं होतं. जुम्लाच्या वाटेवर तीव्र म्हटलं होतं मी, नवा होतो. तेव्हाच्या मुख्य वैमानिकाने भर खोलीत विचारलं, "लंगोट बदललास का?" सहा महिने लंगोट्या म्हणायचे मला. मेलो नाही. उलट सुधारलो.

चैत १५

जोमसोमला वारा लवकर सुटला, अडकलो. धावपट्टीच्या कुंपणालगत तुलाचनी आमाची भट्टी आहे, चुलीवरची खाणावळ, तिथे बसलो. फापराची रोटी, गुन्द्रुकची आंबवलेली भाजी, वर मिरचीची चटणी. सात वर्षं तिथे खातोय. माझ्या विमानातली एअरहोस्टेस सुजिता ही आमाची मुलगी. पाच जणांतलं शेंडेफळ. पोखऱ्यात मनिताच्याच खोलीत राहते. तिथून हे सगळं शिकत असणार.

आमा माझ्या ताटात तूप ओतत म्हणाली, "बाबू, पोरीला सांभाळ हं वर. तिला काय झालं तर मी ही भट्टी कुणासाठी पेटवू?"

"आमा, माझ्या विमानात आहे ती," म्हटलं. "पाळण्यात आहे समज."

तेवढ्यात सुजिता म्हणाली, "सर, पुढच्या विमानातनं मनिता दिदीने तीव्र म्हटलं, तर मी बसणार. तुमचा फळा तुमच्याजवळ. माझ्या कमरेला वजाबाकी येत नाही."

जेवताना! आईसमोर! सुवास ताटात बघत होता.

मी तिला शांतपणे नियम सांगितला. इंजिनांच्या आवाजात मागे हाक ऐकू जात नाही, तिच्या कानाला हेडसेट नाही, म्हणून आमच्याकडे हातांची भाषा. मधे दार नाही, मागून तिला आमचे खांदे दिसतात. कोपायलटने तळवा खाली दाबला — हातातलं आटपून बस. मूठ खांद्यावर आली — ताट टाक, आहेस तिथे जमिनीवर बस आणि जे हाताला लागेल ते धर. "माझ्या विमानात मूठ दिसली तर बसायचं. मुठीआधी बसलीस तर तो शेवटचा दिवस. आणि सुवास, मूठ माझ्या हुकमाने वर येईल. कळलं?"

"हजूर," म्हणाला सुवास.

सुजिताने आपलं ताट उचललं. आमाने मला आणखी एक रोटी वाढली.

चैत १९

मनिताची परीक्षा घेतली. मुद्दाम दहाची वेळ निवडली. मागे तांदळाची पोती, प्रवासी नाही. ती डाव्या खुर्चीत, मी उजव्या. घासा गावाच्या पुढे हादरे सुरू झाले.

पहिला दणका. "काय आहे हे?" विचारलं.

"मध्यम, सर."

"परत सांग."

"मध्यम."

"अजून नाही ऐकू आलं."

विमान चांगलं धरलं होतं, ते कबूल करतो. हात हलके. बाजेंनी शिकवलंय. पण हात कुणी विचारले होते? लेतेला पंख खाली गेला, तिने उचलला. मी पुन्हा विचारलं. आता ती म्हणाली, "तीव्र, सर, आणि आपण परत फिरावं." मी म्हटलं, "सही हवी का नको?"

हनुवटीवरनं घाम गळत होता. मागे पोती दोरखंड ताणत होती.

"काय आहे हे, मनिता?"

"मध्यम."

"काय?"

"हलकं," ती म्हणाली. समोर बघत. डोळ्यांत पाणी होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"शाबास," म्हटलं. अर्जावर माझ्या हाताने लिहिलं — "हादऱ्यांचं वर्णन वाढवून करण्याची उमेदवाराची सवय सुधारली आहे. आज 'हलकं' असा योग्य रिपोर्ट दिला." तिची सही घेतली त्याच्याखाली. माझी सही? ती नंतर. घाई कसली.

उतरल्यावर पट्टा सोडायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. थंडी फार होती आज.

चैत २०

सुवासने विचारलं, फळ्यावरचं पुसू का, ती तर आता हलकं म्हणायला लागली. म्हटलं, राहू दे.

चैत २४

मुख्य वैमानिकाची जागा वैशाखात भरणार. दोन नावं आहेत, माझं आणि बाजेंचं. बाजे म्हणतात, मला निवृत्त व्हायचंय, पण लोक त्यांचं ऐकत नाहीत. व्यवस्थापक म्हणाला, "एक मोसम बिनबोभाट काढा बस्नेतजी, जागा तुमचीच." काढतो.

चैत २६

वेळेसकट लिहून ठेवतो. पुढे कामाला येईल.

सकाळची तिसरी फेरी. पुढे बाजे आणि मनिता, आमच्या आठ मिनिटं पुढे. माझ्या विमानात मी, सुवास, सुजिता, सतरा प्रवासी. ९:४२ ला कंपनीच्या चॅनेलवर मनिताचा लेतेचा रिपोर्ट आला: "हलकं." स्पष्ट ऐकू आला. सुवासनेही ऐकला. त्यामुळे सुजिताला बसवलं नाही. ती टॉफी आणि कानात घालायचा कापूस वाटत होती.

९:४९. लेते. विमान एकदम खाली गेलं. प्रवाशांना पट्टे होते. सुजिता छताला लागली, मग सीटच्या दांडीवर पडली, मग पुन्हा वर, आणि मग बोळात. दोनदा. टॉफ्या सगळीकडे.

घळीत वळायला जागा नव्हती, पुढे रुंदावल्यावर वळलो आणि पोखऱ्याला परत आलो. सगळी प्रक्रिया नियमाप्रमाणे.

हवाच ती. हवेला कोण काय करणार!

चैत २७

सुजिताच्या कमरेचा मणका मोडलाय. जबडाही, तो तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. पाय हलत नाहीत. डॉक्टरला विचारलं, कधी हलतील. तो कागदावर काहीतरी लिहीत राहिला.

आमाला विमानाने आणायचं ठरलं होतं. जोमसोमला वारा, विमान गेलंच नाही. जीपने आली, अकरा तास. उतरली तेव्हा केसांत सगळी धूळ. हातात पिशवी — फापराचं पीठ आणि वाळवलेली सफरचंदं. पोरीला चावता येत नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

चैत २९

मनिता इस्पितळाच्या बोळात भेटली. एका हाताच्या अंतरावर उभी राहिली. "दाजू, चौकशीत तुम्ही काय सांगणार आहात?"

"जे झालं ते."

"काय झालं?"

"तू हलकं म्हणालीस."

तिने माझ्याकडे बघितलं. वाटलं थोबाडीत मारेल. ते परवडलं असतं. ती म्हणाली, "तुम्हाला झोप लागते का?" आणि गेली.

लागते. चांगली लागते.

वैशाख १

आमचं नेपाळी नवं वर्ष. क्रू रूममध्ये कुणीतरी सेल रोटी आणली होती, कुणी खाल्ली नाही. फळा पुसलेला. कुणी पुसला विचारलं तर सगळे आपापल्या बुटांकडे बघतात.

इस्पितळात गेलो, न जाऊन चालणार नव्हतं. सुजिता औषधाच्या गुंगीत होती. आमा माझ्यासाठी उठून उभी राहिली! स्टुलावरची आपली जागा दिली. म्हणाली, "बाबू, वर काय झालं? कुणी मला नीट सांगत नाही. सांगतात, हवा. हवा तर मी जन्मभर बघतेय."

मी म्हटलं, "आमा, पुढच्या विमानातून चुकीचा निरोप आला."

"कुणी दिला?"

"मनिताने."

आमा खाली बसली. "तिच्याच खोलीत राहते ना माझी पोर. कालच डबा घेऊन आली होती ती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला."

मी निघालो तेव्हा जिन्यात मनिता डबा घेऊन चढत होती. मी थांबलो नाही. पण खालपर्यंत आमाचा आवाज ऐकू आला, आणि मग डबा पायऱ्यांवरून गडगडत आला.

वैशाख ५

चौकशी. तीन माणसं, एक टेबल, बिस्किटं.

बाजेंना विचारलं. ते म्हणाले, मी चालवत होतो, माझ्या कानात टॉवर होता. कंपनीच्या चॅनेलवर मनिता काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. पण हादरे तीव्र होते, आणि ती पोर खोटं बोलत नाही. म्हातारा खाली मान घालून बोलत होता. एकजण म्हणाला, "ऐकलं नाही ना? मग बसा."

मनिता म्हणाली, "मी तीव्र म्हणाले. दोनदा म्हणाले."

"टेप?"

"कंपनीच्या चॅनेलची टेप नसते, सर."

मग मी. शांतपणे. "हलकं" असा रिपोर्ट आला. सुवास कार्की साक्षीला आहे. सुवास उभा राहिला, टाय सारखा करत. "सर म्हणतात तसंच." ओठ पांढरे पडले होते गाढवाचे. पण म्हणाला.

आणि मग मी तो परीक्षेचा कागद पुढे सरकवला. "आज 'हलकं' असा योग्य रिपोर्ट दिला." खाली तिची सही! मधला माणूस चष्मा वर करून म्हणाला, "म्हणजे आधी वाढवून सांगायची, आणि टोकल्यावर कमी करून सांगायला लागली. असंच ना?" मी म्हटलं, माझंही थोडं चुकलं, मी तिला जास्तच धाक घातला असेन. किती मोठं मन! तिघांनीही माना डोलावल्या.

मनिता त्या कागदाकडे बघत होती. मला वाटलं रडेल, ओरडेल, त्या पंख्याच्या वेळेसारखं काहीतरी बोलेल. नाही. एवढंच म्हणाली, "सही माझीच आहे."

एकाने विचारलं, जखमी मुलीची साक्ष घ्यायची का? दुसरा म्हणाला, तिला बोलता येत नाही, आणि तिच्या कानाला हेडसेट थोडाच होता, तिला काय ऐकू येणार. बिस्किटं संपली होती. उठले.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी तिच्यासाठी मनात धरून गेलो होतो. बोलायची वेळच आली नाही.

वैशाख ६

मनिताचा परवाना जप्त. सामान घेऊन गेली, पूर्वेला, आईकडे. कुणी सोडायला गेलं नाही. बाजे गेले म्हणे, स्टँडपर्यंत, बॅग उचलून.

वैशाख ९

पत्र आलं. मुख्य वैमानिक! व्यवस्थापकाने गळ्यात मानाचा रेशमी खादा घातला. बाजेंनी राजीनामा दिला, ते तसेही आले नसतेच. सुवास अभिनंदन करायला आला, हात पुढे केला, आणि मग तो डावा हात आहे हे लक्षात येऊन मागे घेतला. हल्ली तो डावा हात सारखा खिशातच ठेवतो. म्हटलं, काय लपवतोस रे? उगाच हसलो मी.

त्याची कॅप्टनकी करून टाकावी लवकर.

वैशाख १२

वारा. लेतेला आज पहिलं विमान माझं होतं. मागच्यांनी विचारलं, कसं आहे? म्हटलं, हलकं. मागचे तिघेही परत फिरले. हरामखोर.

वैशाख १४

नव्या पदाचा माणूस म्हणून इस्पितळात फुलं घेऊन गेलो. सुजिता जागी होती, गुंगी उतरली आहे. मला बघितलं. डावी मूठ हळूहळू खांद्यावर आणली — सुवासने त्या दिवशी ९:४२ ला आणली होती तशी. मग स्वतःच्या उजव्या हाताने ते मनगट धरलं आणि खाली ओढलं. मी सुवासचं ओढलं होतं तसं.

मनिता "तीव्र" म्हणाली होती. दोनदा. मला लख्ख ऐकू आलं होतं.

आमा म्हणाली, "काय सांगतेय रे ही, बाबू?"

"पाणी मागतेय," म्हटलं.

आमा भांडं भरून घेऊन आली. सुजिता माझ्याकडेच बघत होती. जबड्याच्या तारा शुक्रवारी काढणार आहेत.